भोक किती, जाळी कुठे, हात कोणाचा?

हर्नियाचं निदान सांगून डॉक्टर कागदावर लिहायला लागले, की समोर बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दुर्बिणीनं होते काय?" वऱ्हाडात दुर्बीण काही नवी नाही. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे 'दुर्बिणीचं ऑपरेशन' हे शब्द गावोगाव पोचले. पुढे पित्ताशयाच्या खड्यांसाठी अमरावतीला जाऊन आलेली माणसं चौथ्या दिवशी अंगणात हिंडताना शेजाऱ्यांनी पाहिली. तेव्हापासून समजूत पक्की झाली आहे: दुर्बिणीचं म्हणजे नवं, लहान आणि सोपं, चिरून केलेलं म्हणजे जुनं, मोठं आणि दुखरं.

पित्ताशयापुरती ही समजूत बरीचशी बरोबर आहे. तिथे एक अवयव काढून टाकायचा असतो, आणि तो काढला की काम संपतं. हर्नियात काढून टाकण्यासारखं काही नसतं. तिथे पोटाची भिंत दुरुस्त करायची असते आणि ती दुरुस्ती पुढची वीस-तीस वर्षं टिकवायची असते. ती किती टिकेल हे बाहेरून दिसणाऱ्या व्रणावर ठरत नाही. ते तीन गोष्टींवर ठरतं: भिंतीतलं भोक किती मोठं आहे, जाळी कोणत्या थरात बसवली आहे, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांना त्या पद्धतीची सवय किती आहे. या प्रकरणात दुर्बीण आणि चिरा यांची तुलना याच तीन प्रश्नांच्या आधारे करू.

भिंत आणि भोक

पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना छातीपासून ओटीपोटापर्यंत एकेक लांब, चपटा स्नायू असतो. त्याला रेक्टस म्हणतात. त्याच्या पुढे आणि मागे चिवट तंतूंचं आवरण असतं, आणि दोन्ही बाजूंची आवरणं मध्यरेषेत एकमेकांत विणलेली असतात. सर्वांत आत पेरिटोनियम नावाचं पातळ अस्तर असतं आणि त्याच्या आत आतडी. आपण खोकलो, कुंथलो किंवा संत्र्याचं भरलेलं कॅरेट उचलून ट्रकवर चढवलं, की आतला दाब क्षणात वाढतो. भिंत जिथे कच्ची असेल तिथून अस्तराची पिशवी बाहेर येते, आणि तिच्यात चरबी किंवा आतडं शिरतं. हाच हर्निया.

कच्च्या जागा ठरलेल्या आहेत. बेंबी ही एक; वारंवारच्या बाळंतपणांनी किंवा वाढत्या वजनानं ती रुंदावते. बेंबीच्या वर मध्यरेषेत बारीक भोकं पडतात. जांघेतला हर्निया पुरुषांत सर्वांत जास्त आढळतो. आणि चौथी जागा माणसाच्या हातानं तयार होते: जुन्या ऑपरेशनचा चिरा. सिझेरियन, फुटलेलं अपेंडिक्स, आतड्याला पडलेला पीळ, गावात जिला 'पिशवी काढली' म्हणतात ती गर्भाशयाची शस्त्रक्रिया, अशा कशासाठीही पोट उघडलं असेल तर ती शिवण पुढे उसवू शकते. वर सगळं भरून आलेलं दिसतं, आतलं आवरण मात्र दुभंगलेलं राहतं. याला चिऱ्याचा हर्निया म्हणू. दुर्बीण की चिरा हा वाद खऱ्या अर्थानं याच्याबाबत आहे.

आतला दाब थांबत नाही, त्यामुळे मोठ्या माणसाच्या पोटातलं भोक आपोआप बुजत नाही. पट्टा बांधल्यानं फुगा आत राहतो, भोक तसंच राहतं. काढे आणि मालीश यांचा भिंतीवर परिणाम होत नाही. मात्र प्रत्येक हर्निया लगेच शिवावाच लागतो असंही नाही. जांघेतल्या, फारसा त्रास न देणाऱ्या हर्नियाच्या ७२० पुरुषांचा अमेरिकेतला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. थांबून वाट पाहणाऱ्यांत हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनहून कमी होतं. पण पुढच्या दहा वर्षांत त्यांच्यातल्या दोनतृतीयांशांहून अधिकांनी शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली. बहुतेकांचं कारण एकच होतं: दुखणं वाढलं. म्हणून कापसाचा किंवा संत्र्याचा हंगाम आटोपून, साखर आटोक्यात आणून, पैशांची जुळवाजुळव करून शस्त्रक्रिया ठरवायला बहुतेकांना वेळ असतो.

जाळी का लागते

शंभर वर्षांहून अधिक काळ सर्जन भोकाच्या कडा ओढून एकमेकींना शिवत आले. इटलीतल्या बासिनी यांनी १८८०च्या दशकात जांघेच्या हर्नियासाठी ही पद्धत शास्त्रशुद्ध केली. पण ओढून शिवलेल्या कडांवर सतत ताण राहतो आणि टाके हळूहळू स्नायूंना कापत जातात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकची, आधी पॉलिइथिलीनची आणि पुढे पॉलिप्रॉपिलीनची, जाळी वापरात आणली. शरीरातले तंतू तिच्या छिद्रांमधून वाढतात आणि जाळी भिंतीचाच भाग होऊन जाते.

फरक किती पडतो? चिऱ्याच्या हर्नियावर नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीचे निकाल २००० साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत, नुसते टाके घातलेल्यांपैकी ४३ टक्क्यांना हर्निया परत झाला, जाळी घातलेल्यांपैकी २४ टक्क्यांना. दहा वर्षांनंतर हेच आकडे ६३ आणि ३२ टक्के झाले. बेंबीच्या एक ते चार सेंटिमीटरच्या हर्नियावरची मोठी चाचणी २०१८ साली आली. तिथे टाक्यांच्या गटात १२ टक्क्यांना आणि जाळीच्या गटात ४ टक्क्यांना हर्निया परत झाला. या सगळ्या शस्त्रक्रिया मुख्यत्वे चिरा देऊन केलेल्या होत्या. म्हणजे हर्निया परत होण्याचं प्रमाण निम्म्यावर आणणारी खरी क्रांती जाळीनं केली. दुर्बीण नंतर आली, आणि ती जाळी बसवण्याची एक वाट आहे.

जाळी कुठे बसते

जाळी तीन ठिकाणी बसू शकते. पहिली जागा कातडी-चरबीच्या खाली, स्नायूंच्या आवरणावर. बसवायला ही सर्वांत सोपी, पण चरबी बरीच सोलावी लागते, खाली पाणी साचतं आणि जखम चिघळण्याची भीती जास्त. दुसरी जागा स्नायूच्या मागे, अस्तराच्या पुढे. फ्रान्समध्ये रिव्ह आणि स्टोपा या सर्जनांनी ही पद्धत रुजवली. तिसरी जागा थेट पोटाच्या आत, अस्तराच्या आतल्या बाजूला, आतड्यांच्या शेजारी.

सायकलचं टायर फाटलं की मेकॅनिक त्याला आतून गेटर टाकतो. ट्यूबचाच दाब गेटरला टायरवर दाबून धरतो. तोच तुकडा बाहेरून चिकटवला असता तर त्याच दाबानं सुटून आला असता. भिंतीच्या मागे बसवलेली जाळी अशीच टिकते. शिवण सुटणार म्हणून ज्या दाबाची भीती, तोच दाब तिला जागेवर धरतो. अट एवढीच की जाळी भोकापेक्षा पुरेशी मोठी हवी. चिऱ्याच्या हर्नियात ती भोकाच्या कडेपलीकडे चहूबाजूंनी निदान पाच सेंटिमीटर जावी असं मानतात.

आतली जागा मजबूत असली तरी तिथे एक अडचण आहे. साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी आतड्याला लागली तर आतडं तिला चिकटतं आणि काही वर्षांनी तिथे छिद्र पडू शकतं. म्हणून पोटाच्या आत ठेवायच्या जाळीला आतड्याच्या बाजूनं न चिकटणारा थर द्यावा लागतो. ही दुहेरी जाळी साध्या जाळीच्या कितीतरी पट महाग असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं बिल वाढतं त्यातला मोठा वाटा हिचा, आणि तिला भिंतीवर टाचणाऱ्या टॅकर नावाच्या उपकरणाचा असतो.

दुर्बिणीनं करताना काय होतं

रुग्णाला पूर्ण भूल दिली जाते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून भिंत वर उचलली जाते. दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. बहुतेकदा डाव्या कुशीवर, हर्नियापासून लांब, तीन छिद्रं पाडतात. एकातून कॅमेरा आणि दोनांतून हत्यारं जातात. पडद्यावर भिंत आतून दिसते, आणि जुन्या चिऱ्याला चिकटून लोंबणारी चरबी व आतड्याची वेटोळी दिसतात.

पुढचा अर्धा-पाऊण तास सर्वांत जोखमीचा. ही चिकटलेली आतडी कात्रीनं एकेक धागा कापत सोडवायची असतात. तिथे करंट वापरला तर आतड्याला न दिसणारा चटका बसू शकतो, म्हणून अनुभवी सर्जन चिकटलेल्या आतड्याजवळ करंट टाळतो. भिंत मोकळी झाली की भोक मोजतात. काही वेळा शेजारी आणखी दोन-तीन लहान भोकं सापडतात, जी बाहेरून हाताला लागलेली नसतात. हा दुर्बिणीचा मोठा फायदा आहे. आता बहुतेक ठिकाणी आधी भोक टाक्यांनी बंद करतात. मग जाळीची गुंडाळी छिद्रातून आत सरकवून पोटात उलगडतात, भिंतीला लावतात आणि टॅकरनं कडेकडेनं टाचतात. गॅस सोडला की भिंत खाली येते आणि काम संपतं.

चिरून करताना काय होतं

भोक फार वर नसेल तर कमरेत इंजेक्शन देऊन भागतं. पूर्ण भूल न झेपणाऱ्या, दमेकरी किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला याचा मोठा आधार असतो. जुना व्रणच कापून काढतात. पिशवी मोकळी करून उघडतात आणि आतडी डोळ्यांसमोर, हातानं चाचपत सोडवतात. मग रेक्टसचं मागचं आवरण कडेनं उघडतात आणि स्नायू बोटानं अलगद पुढे उचलतात. नीट थर सापडला तर इथे रक्त फारसं येत नाही. मागचं आवरण शिवून आतडी झाकली, की त्यावर साधी जाळी पसरतात, वर स्नायू आणि पुढचं आवरण मध्यरेषेत आणून शिवतात. पाणी साचू नये म्हणून एक नळी ठेवतात.

यात मध्यरेषा पुन्हा जुळते. भोक दहा सेंटिमीटरहून रुंद असेल तर स्नायूंचे थर बाजूनं सोडवून मध्यापर्यंत आणावे लागतात. १९९० साली ऑस्कर रामिरेझ यांनी मांडलेली ही कल्पना पुढे बरीच सुधारली. अशा रुग्णाला छोट्या छिद्रांचा आग्रह धरणं म्हणजे मुख्य काम बाजूला ठेवणं.

आकडे काय सांगतात

पोटाच्या पुढच्या भिंतीच्या हर्नियासाठी दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या दहा चाचण्या, मिळून ८८० रुग्ण, एकत्र तपासून २०११ साली कोक्रेन समूहानं निष्कर्ष मांडले. हर्निया परत होण्याचं प्रमाण दोन्हींत सारखंच निघालं. दुर्बिणीच्या गटात जखम चिघळण्याचं प्रमाण मात्र चौथ्या हिश्श्यावर आलं, आणि बहुतेक चाचण्यांत रुग्ण लवकर घरी गेले. आतड्याला इजा दोन्हींत क्वचितच झाली, पण दुर्बिणीत थोडी जास्त.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेली चाचणी २०१० साली आली. चिरा दिलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना आणि दुर्बिणीवाल्यांपैकी ३२ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली. जखमेचा संसर्ग अनुक्रमे २३ आणि ६ टक्क्यांच्या आसपास होता. पण गंभीर स्वरूपाची गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात अधिक होती. नेदरलँड्समधल्या २०६ रुग्णांच्या चाचणीत, २०१३ साली, दुर्बिणीला १०० मिनिटं लागली आणि चिऱ्याला ७६. साधारण तीन वर्षांत हर्निया परत होण्याचं प्रमाण १८ आणि १४ टक्के भरलं. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला आहे.

याचा अर्थ सरळ आहे. दुर्बिणीचा फायदा जखमेला होतो, दुरुस्तीच्या टिकाऊपणाला नाही. चिऱ्याच्या चुका बहुधा लवकर दिसतात: जखम लाल होते, पू येतो, ड्रेसिंग चालतं. माणूस महिनाभर वैतागतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. दुर्बिणीची चूक क्वचित होते. ती आत लपलेल्या आतड्याच्या छिद्राची असली आणि वेळेत ओळखू आली नाही तर जीव जातो. कोणाच्या जखमेला किती धोका आहे हे पाहून या दोन जोखमींतून निवड करावी लागते.

तीन पोटं

तीन रुग्ण कल्पून पाहू. पहिला पंचविशीतला, बाजार समितीत पोती उचलणारा सडपातळ तरुण. बेंबीत दीड सेंटिमीटरचं भोक. याला पूर्ण भूल, गॅस आणि महाग जाळी कशासाठी? बेंबीच्या कडेनं तीन-चार सेंटिमीटरचा चिरा, अस्तराच्या पुढे साधी जाळी, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घर. २०२० सालच्या युरोप-अमेरिकेच्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांचा कलही अशा लहान-मध्यम भोकांसाठी चिऱ्याकडेच आहे.

दुसरी पन्नाशीतली बाई. पिशवीचं ऑपरेशन झालेलं, वजन जास्त, मधुमेह, चिऱ्याच्या जागी सहा सेंटिमीटरचं भोक. हिच्या जाड चरबीत लांब चिरा दिला तर तो चिघळण्याची शक्यता मोठी. दुर्बीण सर्वांत उपयोगी पडते ती इथे, करणारा तयार असेल आणि पैशांची सोय असेल तर. तिसरे साठीतले गृहस्थ. आतडं फुटून झालेल्या मोठ्या ऑपरेशननंतर पंधरा सेंटिमीटरचा हर्निया, वरची कातडी पातळ होऊन खरडलेली. यांना भिंत नव्यानं जुळवणारी उघडी शस्त्रक्रियाच लागते, आणि ती मोठ्या केंद्रात व्हावी. नागपूर किंवा सेवाग्रामला जाण्याचा त्रास अशा वेळी घ्यावा.

गेल्या दहा-बारा वर्षांत या दोन वाटा जवळ येऊ लागल्या आहेत. नव्या पद्धतींत दुर्बीण पोटाच्या आत न नेता स्नायूच्या मागच्या थरात नेतात. छिद्रं लहान राहतात आणि साधी, स्वस्त जाळी योग्य जागी बसते. मात्र या पद्धती शिकायला अवघड आणि वेळखाऊ आहेत. रोबोटचंही तेच: सर्जनच्या हाताला सोय होते, वेळ आणि खर्च वाढतो, आणि रुग्णाला जास्त फायदा होतो असं चाचण्यांत अजून ठळकपणे दिसलेलं नाही.

दोंडाईचाची जाळी

भारतात दुर्बिणीची वाट मुंबईत सुरू झाली. डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी सर जे. जे. रुग्णालयात १९७२पासून निदानासाठी पोटात दुर्बीण वापरली होती, आणि १९९० साली त्यांनी तिथे भारतात पहिल्यांदा दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णाला, ज्याची रोजची मजुरी बुडते, लवकर उभं करणं हेच या तंत्राचं मोल, ही त्यांची भूमिका होती.

त्याच काळात धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर हे ग्रामीण सर्जन दुसरा प्रश्न सोडवत होते. जाळीनं हर्निया कमी परततो हे कळलं होतं, पण बाजारातली जाळी शेतमजुराला परवडत नव्हती. मच्छरदाणीच्या कापडाची वीण तिच्याशी मिळतीजुळती होती. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचं ते कापड, औषध न लावलेलं, धुऊन, कापून, निर्जंतुक करून त्यांनी वापरलं. वेगवेगळ्या ठिकाणच्या सहकारी सर्जनांना सोबत घेऊन त्यांनी ३५९ दुरुस्त्यांचा अनुभव २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त प्रसिद्ध केला. निकाल महागड्या जाळीच्या तोडीचे होते आणि एका तुकड्याचा खर्च नगण्य.

सुरुवातीला अनेकांनी नाकं मुरडली. मग याच कल्पनेची कडक परीक्षा युगांडात झाली. जांघेच्या हर्नियाच्या ३०२ पुरुषांपैकी निम्म्यांना मच्छरदाणीची आणि निम्म्यांना बाजारातली जाळी बसवली. वर्षभरात पहिल्या गटात एकाला हर्निया परत झाला, दुसऱ्यात कोणालाच नाही, फरक नगण्य. बाजारातली जाळी सुमारे १२५ डॉलरची होती, मच्छरदाणीची एका डॉलरची. २०१६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'नं हे छापलं. दोंडाईचाच्या ऑपरेशन थिएटरमधला विचार जगातल्या अग्रगण्य नियतकालिकापर्यंत पोचला, याचा महाराष्ट्रानं अभिमान बाळगायला हवा. ही जाळी अस्तराच्या बाहेरच चालते, आतड्यांशेजारी नाही, हे लक्षात ठेवावं. म्हणजे पुन्हा प्रश्न तोच: जाळी कुठे?

जांघेतलं गणित

जांघेच्या हर्नियाचा हिशेब थोडा निराळा. २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय सूचना सांगतात की चिऱ्यातून बसवलेली लिक्टेनस्टाइन पद्धतीची जाळी आणि दुर्बीण दोन्ही चांगल्या. दुर्बिणीनंतर माणूस लवकर कामाला लागतो आणि दीर्घकाळ दुखणं कमी राहतं. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, स्त्री रुग्ण असेल, किंवा चिरा देऊन केलेला हर्निया परत झाला असेल तर दुर्बिणीला झुकतं माप द्यावं. पण चिऱ्याची शस्त्रक्रिया फक्त त्या जागेला भूल देऊनही होते. सत्तरीतल्या, विडीनं छाती खराब झालेल्या शेतकऱ्याला याहून सुरक्षित काही नाही.

हात कोणाचा, या प्रश्नाचं वजन जांघेत सर्वांत स्पष्ट दिसलं. अमेरिकेतल्या सुमारे दोन हजार पुरुषांच्या चाचणीत, २००४ साली, दुर्बिणीनंतर दोन वर्षांत १० टक्क्यांना हर्निया परत झाला आणि चिऱ्यानंतर ५ टक्क्यांना. मग सर्जननिहाय पाहिलं तेव्हा २५०हून अधिक दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया केलेल्यांचे निकाल चिऱ्याच्या बरोबरीचे निघाले. सगळा फरक सवयीचा होता.

आधी आणि नंतर

शस्त्रक्रियेआधीचे सहा आठवडे रुग्णाच्या हातात असतात. विडी-सिगारेट किमान चार आठवडे बंद हवी. खर्राही सोडावा, कारण निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि जखम उशिरा भरते. साखर आटोक्यात आणावी, वजन जमेल तेवढं उतरवावं. खोकला, बद्धकोष्ठ आणि लघवीला जोर लावावा लागणं यांवर आधी इलाज करावा, नाहीतर नव्या जाळीवर पहिल्या दिवसापासून हिसके बसतात.

नंतर चालणं-फिरणं लगेच, जड उचलणं डॉक्टर सांगतील तोवर बंद. साधारण चार ते सहा आठवडे, मोठ्या दुरुस्तीत आणखी. दुर्बिणीनंतर जुन्या फुग्याच्या जागी पुन्हा फुगवटा दिसला तर घाबरू नये. पिशवी आतच ठेवलेली असते, तिच्यात पाणी भरतं आणि बहुधा काही आठवड्यांत जिरतं. सर्जनला दाखवावं, पण कुठेही सुई टोचून पाणी काढून घेऊ नये. त्यातून जाळीला संसर्ग होतो.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकानं पाठ करावी. दुर्बिणीनंतर पोट रोज थोडं बरं वाटायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं वाढत गेलं, पोट फुगलं, ताप आला, नाडी जोरात चालू लागली, तर 'गॅस असेल' म्हणून सोड्याची बाटली न आणता ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी परत जावं. शस्त्रक्रिया न झालेल्या हर्नियाचंही तसंच. फुगा टणक झाला, आत जाईना, दुखू लागला, उलट्या होऊन शौच-वारा बंद झाला, तर तो दाबत बसू नये. आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो आणि तास मोजके असतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करून अचलपूर किंवा अमरावतीचं रुग्णालय गाठावं.

काय विचारायचं

अमरावती जिल्ह्याला सरकारी आरोग्यविम्याची ओळख जुनी आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत हा जिल्हा होता. आज ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आपल्या हर्नियाचा प्रकार कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या पद्धतीसाठी योजनेत बसतो, जाळीचा खर्च त्यात धरला आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावं.

आणि डॉक्टरांना विचारावं: भोक किती सेंटिमीटरचं आहे? जाळी कोणत्या थरात ठेवणार, आणि ती तिथे चालणारी आहे का? ही पद्धत तुम्ही नेहमी करता का? मला पूर्ण भूल झेपेल का? परत झाला तर पुढची वाट कोणती? चांगला सर्जन या प्रश्नांवर रागावत नाही. बहुधा तो कागद ओढून चित्र काढून दाखवतो.

तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला कायम वाटत आलं आहे की चांगला उपचार म्हणजे लांबचा आणि महागाचा. हर्नियाच्या बाबतीत ही भीती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. बेंबीच्या किंवा जांघेच्या साध्या हर्नियाला अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी, सर्जन आणि भूलतज्ज्ञ हजर असताना, योग्य थरात नीट बसवलेली साधी जाळी जगातल्या कुठल्याही रुग्णालयाइतकीच टिकू शकते. ज्यांना दुर्बिणीचा खरा फायदा आहे, त्या मधुमेही, वजनदार, जुना चिरा उसवलेल्या बायांना ती मिळावी म्हणून मात्र झगडायला हवं, कारण आज ती पैशांवरून वाटली जाते आणि वाटली जायला हवी गरजेवरून.